बाळारामदादा आणि सुंदराबाईचं इंजान

डिझेल चाखून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. चाखल्यावर तो तोंड वाकडं करत नसे. डोळे मिटायचा, जीभ टाळ्याला लावायचा, आणि भटजींनी पत्रिका बघून मंगळ आहे म्हणून सांगावं तशा आवाजात सांगायचा, "पानी हाय."

पनवेलला उरण नाक्याजवळ आमचं डिझेल इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांनी ते थाटलं तेव्हा गिऱ्हाईक बहुतेक खाडीकडचं असायचं. आता जेसीबीवाले आणि जनरेटरवाले जास्त येतात. मोबाइलवर फोटो दाखवतात, वस्तू घेतात, निघतात. बाळारामदादा तसलं गिऱ्हाईक नव्हता. तो आला की सकाळ गेली असं धरून चालायचं.

खाडीकाठच्या कोळीवाड्यात तो होड्यांच्या इंजिनाचं काम करायचा. ठेंगणा, पोट चांगलं पुढे आलेलं, आणि आवाज असा की दुकानात कुजबुजला तरी रस्त्यापलीकडचा औषधवाला मान वर करायचा. बिघडलेला भाग तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा आणि काउंटरवर हळूच ठेवायचा. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, याने आमच्यासाठी पापलेट आणलं. मग पुडी सुटायची आणि त्याबरोबर गोष्टही. "एक वायसर द्या" एवढंच म्हणून तो कधी थांबला नाही. तो वायसर कुठल्या होडीचा, होडीचा नाखवा कसा कंजूष, इंजिन बंद पडलं तेव्हा वारा कुठून होता, हे सगळं झाल्यावर मी वायसर द्यायचा. तोही तो तोंडाने फुंकून, कानाजवळ वाजवून घ्यायचा. वायसर वाजवून काय कळतं हे मला आजवर कळलेलं नाही.

त्याचं शास्त्र मात्र सोपं होतं.

"शेठ, डिझेल टाकीतशी निगतो नि नोझलला जातो. मदी कोनतरी त्याला अडवतो. पानी, कचरा, नाय तर हवा. तीन चोर हायेत."

"आणि हे तिघंही नसले तर?"

"मग चौथा. मालक." एवढं बोलून तो स्वतःच इतका हसायचा की पोटावरचं बटण ताणलं जायचं.

चाखण्याच्या कलेचा त्याला फार अभिमान होता. एकदा काउंटरवर एक काळपट बाटली होती. मी काही बोलायच्या आत त्याने झाकण उघडलं, बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. या खेपेला जरा वेळ लागला.

"भेसल हाय," तो म्हणाला. "पन इंजान चालंल."

तो माझ्या वडिलांचा खोकल्याचा काढा होता. वडील आतून बाहेर आले, त्यांनी बाटली उचलली आणि त्याच्याकडे बघत दोन घोट घेतले. बाळारामदादाने काढ्याला भेसळ म्हटल्याबद्दल माफी मागितली नाही. वडिलांना एवढंच म्हणाला, "काका, तुमचा फिल्टर बदलायला झालाय."

जमिनीवरच्या इंजिनाला तो हात लावत नसे. नेऱ्याकडे एकाच्या फार्महाऊसवर विहिरीचा डिझेल पंप सारखा बंद पडत होता. त्या गृहस्थांनी दुकानातच त्याला गळ घातली. गाडीने नेतो, गाडीने आणतो, जेवण देतो. बाळारामदादाने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पंप बंद पडला तर तुमी काय करता?"

"काय करणार? घरात जाऊन बसतो."

"बगा. घरात जाता येतंय. मग त्याला मिस्त्री कशाला? माज्या इंजानातला मानूस बंद पडल्यावर कुठं जानार?"

फार्महाऊसवाले गाडीत बसून एकटेच परत गेले.

काम करताना तो होडीच्या इंजिनाच्या खणात डोक्याकडून उतरायचा. पोटामुळे त्याला दुसऱ्या बाजूने उतरता येत नसे. मग वर दिसायचे ते फक्त त्याचे पाय. नाखवा, खलाशी, मी, सगळे त्या पायांशी बोलायचो. पाय हलले तर काम चाललंय. पाय स्थिर झाले तर दादा विचारात आहेत. डाव्या पायाचा अंगठा वर आला की रोग सापडला. खलाशी अंगठ्यावर नजर ठेवून बसलेले मी पाहिलेत.

या माणसाला जगात एकाच व्यक्तीची भीती होती, ती म्हणजे त्याची थोरली बहीण सुंदराबाई. तो तिला बाय म्हणायचा. सुंदराबाई पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. नवरा गेल्यावर तिने त्याची होडी विकली नाही. मुलगा मयूर मोठा होईपर्यंत खलाशी ठेवून चालवली आणि इंजिन भावाच्या हवाली केलं. बाईने स्वतः कधी खणात डोकं घातलं नाही, पण बाजारात बसल्या बसल्या तिला इंजिनाची सगळी खबर असायची. माझ्या दुकानात येऊन ती उभ्या उभ्या विचारायची, "बालानं काय नेला? कशाला नेला? मागल्या म्हयन्यात तर नेलावता!" मी बाळारामदादाचा बचाव करत असे, पण फार जोरात नाही. कारण मला तिच्याकडून बोंबील घ्यायचे असायचे.

तर एका वर्षी पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, सुंदराबाईची होडी नवा निळा रंग लावून खाडीत उतरली आणि अर्ध्या तासात बंद पडली.

बाळारामदादा गेला, डिझेलच्या नळीतला एअर काढला, इंजिन चालू झालं. दुसऱ्या दिवशी होडी पुन्हा बंद पडली आणि तीही त्याच जागी, खाडीच्या वळणावर, जिथे तिवरांची दाट झाडी आहे. तिसऱ्या दिवशीही तेच. थोडा वेळ थांबलं की इंजिन सुरू व्हायचं, पुढे जायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा बसायचं. पण पहिली बैठक ठरलेली, त्या वळणावर.

कोळीवाड्यात बोलणं सुरू झालं. त्या वळणावर काहीतरी आहे म्हणे. कोणाच्या आज्याला तिथे काहीतरी दिसलं होतं म्हणे. सुंदराबाई असलं ऐकून घेणारी नव्हती, पण चौथ्या दिवशी ती स्वतः होडीत बसली आणि वळणावर इंजिन बंद पडल्याबरोबर तिने हात जोडून पाण्यात नारळ सोडला. खलाशी पांडूने तोवर टाकीचं झाकण उघडून काठी बुडवून डिझेल किती आहे ते पाहिलं. झाकण लावलं. कळ फिरवली. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं.

झालं! त्या दिवसापासून होडीत नारळांचं पोतं आलं. इंजिन बंद पडलं की नारळ सोडायचा, पांडूने काठी बुडवायची, इंजिन चालू करायचं. एकदाही चुकलं नाही. सुंदराबाई बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "माज्या भावाच्या पंपापरीस माजा नारल बरा."

ही गोष्ट बाळारामदादाच्या फार जिव्हारी लागली. तो रोज दुकानात येऊ लागला. आधी फिल्टर बदलला. मग टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइप. मग फीड पंप. मग नोझल काढून तपासून आणले. हॉटेलात चहा पिताना तो बशीतल्या चहाने टेबलावर बोटाने टाकी काढायचा, पाइप काढायचा, आणि चहाचा ओघळ टेबलाखाली गेला की म्हणायचा, "हितपत्तर समदा बराबर हाय." एकदा मलाच विचारलं, "शेठ, नारलात असा काय असंल?" त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. तो खरंच नारळाचा विचार करत होता.

मग एक दिवस तो आला तो पुडीशिवाय. काउंटरला टेकून उभा राहिला. आवाज इतका खाली होता की औषधवाला काळजीने बाहेर येऊन बघायला लागला.

"बाय होडी विकतेय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येनार हाय रविवारी. मयूर बोलतो, बंदरात क्रेनवर काम हाय, तिकडं जातो. बाय बोलली, नारलावर धंदा व्हत नाय."

"मग?"

"मग काय? दाजींची होडी हाय ती. दाजींनी मना इंजान शिकवला." तो काउंटरवर पुढे झुकला. "शेठ, रविवारच्या आदी एकदा तुमी चला. तुमचा पार्ट खोटा का माजा हात खोटा, ता समोरासमोर व्हऊ दे."

माझ्या मालावर शंका आल्यामुळे मी दुकान बंद करून गेलो.

होडीत आम्ही पाच जण होतो. सुकाणूवर मयूर, बरोबर पांडू, मी, बाळारामदादा आणि पोत्यावर बसलेली सुंदराबाई. वळणावर तिवरं दिसायला लागली तशी ती हात जोडायच्या तयारीत बसली. इंजिन एकदा कण्हलं, दोनदा अडखळलं आणि गप्प झालं.

"थांबा!" बाळारामदादा ओरडला. "कोनी कशाला हात लावायचा नाय. पांडू, काठी ठेव खाली. बाय, तुजा नारल सोड. एकटा नारल."

सुंदराबाईने नारळ सोडला. नमस्कार केला. मयूरने कळ फिरवली. इंजिन कुरकुरलं, सुरू झालं नाही.

"आजून एक सोड."

दुसरा नारळ गेला. काही नाही. तिसरा गेला. सुंदराबाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. देव आणि भाऊ दोघांनी मिळून आपल्याला फसवलं असं तिला वाटत असावं.

"आता पांडू," बाळारामदादा म्हणाला, "तू रोज काय करतोस ता कर. सावकास."

पांडूने टाकीचं झाकण फिरवलं. ते निघता निघेना. मग एकदम सैल झालं आणि आतून आवाज आला. लांब, ओढलेला, पोटातून आल्यासारखा, "फुस्स." टाकीने श्वास घेतला होता.

मयूरने कळ फिरवली. इंजिन धडधडायला लागलं.

बाळारामदादा जागच्या जागी उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. त्याने नंतर समजावलं ते असं. टाकीतून डिझेल जातं तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी टाकीला एक बारीक नळी असते, तिचं तोंड बाहेर असतं. ते तोंड बंद असेल, तर इंजिन डिझेल ओढत राहतं, टाकीत पोकळी होते, आणि शेवटी टाकी म्हणते, आता नाही सोडत. झाकण उघडलं की हवा आत शिरते आणि सगळं ठीक होतं. नारळ आणि झाकण रोज एकाच वेळी व्हायचं, आणि श्रेय नारळ घेऊन जायचा. धक्क्यापासून वळणापर्यंतचं अंतर तेवढंच, म्हणून बंद पडायची जागाही तीच.

पण त्या वेळी त्याने काहीही समजावलं नाही. तो गुडघ्यांवर होडीच्या मागच्या बाजूला गेला. तिथे फळीतून एक वाकडी नळी बाहेर आली होती. निळ्या रंगाने ती फळीसारखीच दिसत होती. त्याने पान्याच्या टोकाने रंग खरवडला आणि नळीच्या तोंडातून एक लाकडी खुंटी ओढून काढली. खुंटीला चिंधी घट्ट गुंडाळलेली होती, लाल-काळ्या चौकटीची.

पावसाळ्यात होडी ओढून ठेवली की नळीतून पाऊस टाकीत जाऊ नये, म्हणून कोणीतरी बूच मारलं होतं. मग त्यावरून रंग गेला. आणि मग मारणारा ते विसरला.

"कोनी मारला ह्यो?" मयूरने विचारलं.

बाळारामदादा खाडीकडे बघत होता.

सुंदराबाई पोत्यावरून उठली. तिने खुंटी हातात घेतली, चिंधी उलगडली, नाकाजवळ धरून न्याहाळली.

"बाला," ती म्हणाली, "ह्यो मी दिवालीला दिलेला शर्ट."

पांडू उगाच टाकीचं झाकण पुन्हा आवळायला लागला. इंजिन मात्र छान चाललं होतं.

"नवा शर्ट फाडलास?"

"बाय, नवा नव्हता. काखेत उसवलावता..."

"मंग शिवायचा! होडीच्या ढुंगनात घालतात?"

आता इतके दिवस बुडालेली मासळी, बदललेले पंप, विकायला काढलेली होडी, हे सगळं बाजूला राहिलं आणि धक्क्यापर्यंत ती शर्टावरून बोलत राहिली. कापड कुठून घेतलं, कसं निवडलं, दुकानदाराने दुसरा रंग दाखवला तो कसा नको म्हटला. बाळारामदादा मान खाली घालून ऐकत होता. त्याचं एक वाक्य होतं, जे तो सगळ्या नाखव्यांना ऐकवायचा: "इंजान खोटा बोलत नाय, मानूस बोलतो." धक्क्याला लागताना सुंदराबाईने तेच त्याला ऐकवलं, आणि वर विचारलं, "आता बोल, कोन खोटा?"

"मी," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पांडूनेही. मयूरने तर सुकाणू सोडून मामाकडे पाहिलं. सुंदराबाईने चिंधीची घडी घातली आणि कमरेला खोचली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. त्याला बाईने चहा पाजला, तळलेली मांदेली खाऊ घातली आणि होडी विकायची नाही म्हणून सांगितलं.

कोळीवाड्यात बातमी लपण्यासारखी नव्हतीच. लोक बाळारामदादाची फिरकी घ्यायला टपून बसले होते. पण सोमवारी तो माझ्या दुकानात आला तेव्हा आवाज पूर्ववत झालेला होता. दोन जेसीबीवाले उभे होते. त्यांना तो सांगत होता, "बूच असा बसवला का हवा पन आत जायला घाबरली. येवडे दिवस खाऱ्या पान्यात, पन ढिला पडला नाय! दुसऱ्या कोनाला जमंल?"

औषधवाला आत जाऊन हसला.

मयूर क्रेनवर गेला नाही. होडीवरच राहिला आणि काही काळाने त्याचं लग्न ठरलं. मुलगी खाडीपलीकडची. आता तिकडे जायला चांगला रस्ता आहे, पूल आहे, मोटारी आहेत. पण सुंदराबाईच्या मनात नवरा मुलगा बापाच्या होडीतून न्यायचा होता. तसा तिचा नवस होता, की हट्ट, ते तिने स्पष्ट केलं नाही. वऱ्हाडी बसने गेले. होडीत नवरदेव, त्याची आई, मामा, बॅन्जोवाले आणि मोजकी माणसं बसली. मला आग्रहाने होडीत बसवलं. वाटेत काही लागलंच तर पार्टवाला बरोबर असावा, असा बाळारामदादाचा हिशेब असणार.

तो त्या दिवशी ओळखू येत नव्हता. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला तिरपी टोपी, अंगाला अत्तर. बहिणीने तंबी दिली होती, "आज इंजानाकडं बघायचा नाय." तो इंजिनाकडे पाठ करून बसला होता.

खाडीच्या मध्यावर इंजिनाचा सूर बदलला. बॅन्जो जोरात चालू होता, आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. बाळारामदादाची पाठ मात्र ताठ झाली. मग इंजिन बंद पडलं. बॅन्जोही थांबला.

ओहोटी सुरू झालेली होती. अशा वेळी खाडीत थांबलं तर पाणी खालून निघून जातं आणि होडी चिखलात बसते, ती भरती येईपर्यंत. म्हणजे मुहूर्त गेला. सुंदराबाईने काठावरच्या उघड्या पडत चाललेल्या चिखलाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"बूच?" तिने विचारलं.

"नाय, बाय! आईशपत!"

"मंग बघ ना बाबा."

एवढीच परवानगी त्याला हवी होती. इस्त्रीच्या सदऱ्यासकट तो खणात उतरला. खालून आवाज आला, "हवा घेतलान!" पंपाजवळच्या जोडावरचा वायसर चिरला होता आणि इंजिन डिझेलबरोबर हवा ओढत होतं. वायसर हवा होता. मी खिसे चाचपले. लग्नाला जाताना कोण वायसर घेऊन जातो?

"पत्रिका हाय का लग्नाची?" खालून प्रश्न आला.

माझ्या खिशात होती. चांगली जाड, सोनेरी कडेची.

"आनि साबन?"

नवरीसाठी नेलेल्या सामानाच्या परडीत साड्या, बांगड्या, पावडर, अत्तर आणि एक सुवासिक साबण होता. सुंदराबाईने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत वेष्टन फाडलं. कापायला मयूरच्या हातातली सुरी घेतली, टोकावरचं लिंबू काढून बॅन्जोवाल्याकडे सांभाळायला दिलं. बाळारामदादा वर येऊन पत्रिकेतून वायसर कापायला बसला. सुरी टेकवली, थांबला, पत्रिका फिरवली, पुन्हा थांबला. मला वाटलं, माप बघतोय. मी वाकून पाहिलं. पत्रिकेवर खाली मामांची नावं होती. पहिलं त्याचं होतं. ते वाचवून त्याने बरोबर दुसऱ्या मामाच्या नावावर भोक पाडलं.

कागदाच्या त्या वायसरला साबण चोळून त्याने जोड आवळला. आता नळीत भरलेली हवा काढायला हवी. त्यासाठी पंपाची छोटी दांडी हाताने मारत राहायची, तिथवर दादाचं पोट आणि हात एकाच वेळी पोचत नव्हते. अंगाने बारीक असा एकच माणूस होडीत होता. मुंडावळ्या कानामागे बांधून नवरदेव खणात शिरला आणि दांडी मारू लागला. मामा वरून बघत होता आणि जोडातून येणारे बुडबुडे मोजत होता.

"हवा... हवा... हवा... मार, मार... डिझेल! बस!"

इंजिन सुरू झालं. बॅन्जोवाल्यांनी न सांगता वाजवायला घेतलं. पाणी इतकं उतरलं होतं की शेवटच्या टप्प्याला होडीचा तळ चिखलाला घासून गेला, पण आम्ही पोचलो.

मंडपात नवरदेवाच्या अंगाला डिझेलचा घमघमाट येत होता. मंगलाष्टकं चालू असताना भटजी दोनदा मागे सरकले. अंतरपाट दूर झाल्यावर नवरीने पहिल्यांदा नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या कपाळावरच्या काळ्या पट्ट्याकडे, आणि ती हसली ती थांबेचना. पुढे परडी उघडली तेव्हा मुलीच्या मावशीने साबण वर धरला. एक कोपरा झिजलेला, त्यावर काळा अंगठा उमटलेला.

"व्हय हो, ह्यो वापरलेला हाय?"

सुंदराबाई एक क्षणभरही अडखळली नाही. "आमच्यात साबन आदी वापरून बघतात," ती म्हणाली. "सूनबायच्या अंगावर काय उठाया नको म्हनून."

मावशीने मान डोलावली. चालरीत असेल असं समजून तिने तो परत ठेवला.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. खाडी अरुंद झाली, भराव पडले, मासळी लांब गेली. बाळारामदादाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, ऑपरेशन झालं, पण हात थोडा थरथरायला लागला तो राहिलाच. मुलाने करंजाड्यात फ्लॅट घेतला, तिकडे तो राहायला गेला. चौथ्या मजल्यावर करमत नाही म्हणून दुकानात यायचा, काहीही न घेता बसायचा, आणि गिऱ्हाइकांना नको असलेले सल्ले द्यायचा.

मागच्या वर्षी मयूरने होडीला नवं इंजिन बसवलं. त्यात काही बिघडलं तर ते स्वतः पडद्यावर लिहून दाखवतं. सामान माझ्या दुकानातून नव्हतं, तरी पहिल्या फेरीला त्याने मला बोलावलं. सकाळची कोवळी उन्हं होती. सुंदराबाई आता फारशी बाजारात जात नाही, पण ती आली होती. बाळारामदादाही आला होता. इंजिनाच्या झाकणाजवळ त्याला जागा करून दिली होती.

इंजिन सुंदर चाललं. आवाजसुद्धा दबका. वळण गेलं, खाडीचा मध्य गेला. मयूर पडद्याकडे बघून खूश होता. बाळारामदादा कान देऊन बसला होता. खूप वेळ तसाच. मग हळूहळू त्याने मान सरळ केली आणि हात मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला, बसमधला प्रवासी बसतो तसा.

सुंदराबाई त्याच्याकडे बघत होती.

"मयूर," ती एकदम म्हणाली, "थांबव रं जरा. कायतरी आवाज येतोय."

"कसला आवाज, आय? काय नाय."

"मना येतोय. बंद कर. मामाला बगू दे."

मयूरने आईकडे पाहिलं. मग मामाच्या मांडीवरच्या हातांकडे. त्याने इंजिन बंद केलं आणि झाकण उघडून दिलं. बाळारामदादा पोट सावरत पुढे झुकला. मला आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. एकदा पान्याचा टिचकी मारल्यासारखा आवाज आला. होडी पाण्यावर हलकी डुलत होती. कोणाला घाई नव्हती.

बऱ्याच वेळाने तो सरळ झाला. घामाने निथळला होता, पण चेहरा उजळला होता.

"जोड ढिला व्हता," तो म्हणाला. "आता बग."

मयूरने बटण दाबलं. इंजिन मघाशी चाललं होतं तसंच चालू लागलं.

सुंदराबाईने डोळे मिटून ऐकलं. आयुष्यात तिने भावाच्या कामाला चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"आता बरा वाटतो," ती म्हणाली.

बाळारामदादाने मान हलवली. पांडूने पुढे केलेलं फडकं घेतलं आणि तो धक्का येईपर्यंत हात पुसत बसला. एकेक बोट, मग नखं, मग मनगटं, अगदी नीट, सावकाश. ते नवं इंजिन होतं. हातांना काळं काही लागलंच नव्हतं.